कॅरिबियन, सेंटोसामार्गे

आमच्या मधुचंद्राला आम्ही चौघं होतो.

हे वाक्य मी कुठल्याही जेवणाच्या टेबलावर टाकलं की लोक चमचा खाली ठेवतात, आणि मग पुढचं सांगणं भागच पडतं. मी, माझा नवरा, नवऱ्याची आत्या आणि आतोबा. लग्नाच्या हॉलमध्ये निरोप घेताना आत्याबाई म्हणाल्या, "उटीला चाललात होय! आम्ही मेलं काहीच पाहिलं नाही बाई." दुसरा कुठलाही नवरदेव हसला असता, पाया पडला असता आणि सटकला असता. आमचे हे म्हणाले, "मग या ना!"

आत्याबाई आल्या. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि इसबगोल घेऊन आल्या. तळ्यात नाव हलायला लागली तेव्हा नावाडी म्हणाला, वजन सारखं करा. म्हणून मी आणि आत्याबाई एका फळीवर, आणि हे आतोबांशेजारी समोरच्या फळीवर. माझ्या मधुचंद्रात मी नवऱ्याकडे अशी समोरून, मुलाखतीला बसल्यासारखी पाहत होते.

कोणी म्हणेल, नवरा बावळट दिसतो. मुळीच नाही. इथे सिंगापुरात, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात मोठमोठ्या कंप्युटरांवर लक्ष ठेवणारा, मोजकं बोलणारा, दिसायलाही बरा असा माणूस आहे. मला एखाद्या गोष्टीला नाही म्हणताना अडखळतसुद्धा नाहीत. पण दाराबाहेरच्या माणसाला ह्यांना नाही म्हणता येत नाही. त्यात ते ‘या ना’. आमच्या पुण्यात निरोप घेताना ‘या ना’ म्हणायचं असतं, पण दार अर्धं लोटून म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं ‘येऊ की’ म्हणत जिना उतरायचा असतो. हे मात्र अगदी मनापासून म्हणतात. आणि सिंगापुरात आलेली मराठी माणसं, नवी नवी, घरापासून लांब, शनिवार-रविवारचं काय करायचं ते न कळणारी. ती खरंच येतात.

बालीला आमच्याबरोबर दोन कुटुंबं आणि एक प्रेशर कुकर होता. लंकावीच्या बेटावर, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नुकतीच ओळख झालेलं एक नवं जोडपं आलं. त्यांचा मधुचंद्र होता, आणि त्यांच्या नावेत आम्ही होतो. मला माणसं आवडत नाहीत असं नाही हं. चार टाळकी जमली की मला चेव येतो, नकला सुचतात, पदर खोचून मी उभी राहते. पण दोन वर्षांपूर्वी मुलगी युनिव्हर्सिटीच्या होस्टेलला गेली आणि टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं उरलो, तेव्हा एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मध्ये कोणीच नसताना आम्ही दोघं कसे असतो, हे मला माहीतच नाही. घरात बेल वाजत असते, फोन असतो, ह्यांचा लॅपटॉप असतो. मला चार दिवस फक्त हे हवे होते. निखळ. बिनपाहुण्यांचे.

म्हणून मी कॅरिबियन निवडलं.

लोकांना वाटलं, समुद्रासाठी. मुलगी तर फोनवर इथल्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "ममा, यू ऑलरेडी लिव्ह ऑन अ ट्रॉपिकल आयलंड, लाह!" हे म्हणाले, "बरोबर आहे तिचं. नारळ, वाळू, दमट हवा. इथे बसनं जाता येतं." मी म्हटलं, "नारळ आहेत हो, पण प्रत्येक नारळाखाली तुमच्या ओळखीचं कोणीतरी बसलेलं आहे." माझा हिशेब सरळ होता. पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या अंगाला जायचं, जिथे ‘या ना’ म्हटलं तरी कोणाची यायची छाती होणार नाही. आणि तसंच झालं. ह्यांनी आल्यागेल्याला मनापासून बोलावलं आणि प्रत्येकानं नकाशा बघून ‘तुम्ही जाऊन या’ म्हटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. टॅम्पिनीसच्या मराठी गोतावळ्यातली एकही सहल त्यांच्याशिवाय निघत नाही. मी त्यांना सहलप्रमुख म्हणते, तोंडावर भावजी. त्यांनी आमच्यासाठी निरोपाचं जेवण ठेवलं. वीसेक माणसं, बासुंदी, आणि अर्थातच माझं भाषण. मी त्या दिवशी काय बोलले! पांढरी वाळू, निळं पाणी, झाडाला टांगलेली झोळी, झोळीत मी, आणि नारळपाणी घेऊन येणारे हे. बायकांनी उसासे टाकले. एकीनं चकल्यांचा डबा दिला, एकीनं स्वतःची रुंद काठाची गवती हॅट दिली. सहलप्रमुखांची बायको माझा हात दाबून हळूच म्हणाली, "नशीबवान आहात हो. आमच्याकडे दोघं म्हणजे कमीत कमी बारा."

आणि निघायच्या आठवड्यात हे ऑफिसातून आले ते बूट न काढता सोफ्यावर बसले. जुनी सिस्टिम काढून नवी बसवायचं काम पुढे सरकत सरकत आमच्या सुट्टीवर येऊन बसलं होतं. मोठी रजा रद्द. फक्त शुक्रवार ते सोमवार.

मी रडले नाही. मी म्हटलं, "मी बासुंदी खाऊन बसलेय त्या लोकांची. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

हे बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "सेंटोसा?"

"सेंटोसाला? सिंगापूरच्याच त्या बेटावर सुट्टीच्या दिवशी निम्मं टॅम्पिनीस असतं."

"हॉटेलाबाहेर पडायचंच नाही."

"आणि कोणी भेटलं तर? तुम्ही लगेच ‘या ना’ म्हणणार."

"नाही म्हणणार."

"शपथ?"

"प्रयत्न करतो," हे म्हणाले. खोटं बोलत नाहीत, हा एक त्रास आहे.

शुक्रवारी सकाळी सहलप्रमुख आमच्या बॅगा उतरवायला खाली हजर. चार बायका हात हलवायला. टॅक्सीत बसताना मी खणखणीत आवाजात म्हटलं, "चांगी एअरपोर्ट, अंकल!" आणि कोपरा वळल्यावर पुढे वाकून कुजबुजले, "अंकल, सेंटोसा कॅन?"

ड्रायव्हरकाकांनी आरशातून आमच्या दोन अजस्र बॅगांकडे, माझ्या हॅटकडे आणि मान खाली घातलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. "एअरपोर्ट दॅट साइड. सेंटोसा धिस साइड. यू शुअर ऑर नॉट?"

"शुअर," मी म्हटलं. एकटं पडायला निघालेली बाई जितकी शुअर असू शकते तितकी.

खोलीत गेल्यावर मी नियम सांगितला: हे कॅरिबियन आहे. सेंटोसा म्हणायचं नाही, ऑफिस म्हणायचं नाही, फोन तिजोरीत. मला वाटलं, हे ‘काय पोरकटपणा’ म्हणतील. पण हे बाल्कनीत जाऊन गंभीरपणे मनगटाकडे बघत उभे राहिले. "तिथला आणि इथला फरक बरोबर बारा तासांचा आहे. घड्याळाला हात लावायची गरजच नाही. फक्त सकाळला रात्र म्हणायचं." आणि स्वतःच्याच शोधावर इतके खूश झाले की दुपारभर मला ‘शुभ रात्री’ म्हणत होते.

पहिला दिवस मात्र अवघड गेला, खोटं कशाला सांगू. झोळी होती, पण ती मुंबईच्या बसप्रमाणे सारखी कलत होती. समुद्र होता, पण त्यात पलीकडे मालवाहू जहाजं रांगेनं नांगर टाकून उभी. ती बघून हे हळहळले, "इतकी थांबलीत म्हणजे बंदरात काहीतरी अडकलंय." आणि जेवताना आम्ही चार खुर्च्यांच्या टेबलावर बसलो तेव्हा मी पाहिलं, हे मधूनमधून त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. पाहुणा यायचा राहिलाय अशा चेहऱ्यानं. माझंही चुकतच होतं. एक झकास किस्सा आठवला, मी हात उंचावून सुरुवात केली, आणि ह्यांनी शांतपणे सांगितलं, "हा मी तिथे असताना घडलाय." मग आम्ही सॅलड खाल्लं. मी त्या सॅलडकडे बघून एक उसासा टाकला. एकच. लहानसा. पुढचं सगळं रामायण त्या उसाशाचं.

शनिवारी दुपारी जेवणाआधी मी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबायला गेले. हे म्हणाले, "तू हो पुढे, मी जरा पडतो." मी ओल्या केसांनी, अंगावर हॉटेलचा पांढरा झगा, डोक्याला हॅट अशी परत आले तर आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच मला हिंगाचा वास आला. परदेशात हिंगाचा वास आला की माझं मन भरून येतं. त्या दिवशी मी खोलीकडे धावत सुटले.

आमच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि ते मिटू नये म्हणून मध्ये माझी बॅग आडवी. आत टेबलावर विजेची छोटी शेगडी, तिच्यावर माझं स्वतःचं, टॅम्पिनीसच्या ओट्यावरचं कढलं. कढल्यात तूप, मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्या, त्या काळ्या पडून धुराचे लोट सोडत होत्या. बाजूला हॉटेलच्या काचेच्या वाडग्यात गार दहीभात, छान कालवलेला, मीठसाखर घातलेला. आणि टॉवेल खांद्यावर टाकून, डोळ्यांतून पाणी गाळत, खोकत उभे असलेले माझे पती.

"अहो! हे काय?"

"तू काल उसासा टाकलास," हे ठसक्यातून म्हणाले. "लागलं तर म्हणून शेगडी-कढलं बॅगेत आणलंच होतं, भात-दही हॉटेलातून मागवलं. म्हटलं दहीभात करावा. तू करायचा नाहीस, मी करायचा."

"आणि दार का उघडं टाकलंय?"

"धूर बाहेर जायला."

"बाहेर कुठे?"

आमच्या फ्लॅटचा कॉरिडॉर उघडा आहे. एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला आकाश. फोडणी देताना घराचं पुढचं दार उघडायचं, धूर निघून जातो, आणि शेजारच्या चिनी आजी दार लावून घेतात. इतकी वर्षं ह्या घरात ही पद्धत आहे. ह्यांनी मोठ्या विचारानं खोलीच्या छताचं धूर ओळखणारं यंत्र पाहिलं होतं, बाल्कनी उघडली होती, समोरचं दार उघडून वाऱ्याला रस्ता करून दिला होता. फक्त हॉटेलचा कॉरिडॉर बंद असतो, गालिच्याचा असतो, आणि त्याच्या छताला हारीनं तीच यंत्रं बसवलेली असतात, हे डोक्यात आलं नव्हतं.

पहिली घंटा वाजली तेव्हा हे म्हणाले, "आपली नसेल." मग एका बाईचा ध्वनिमुद्रित गोड आवाज सगळ्यांना जिन्यानं खाली उतरायला सांगू लागला. मी शेगडी बंद केली. ह्यांनी कढलं उचललं. का उचललं, ते आजही त्यांना सांगता येत नाही.

खाली हिरवळीवर भर उन्हात सगळं हॉटेल. झगेवाले, टॉवेलवाले, डोक्याला शांपूचा फेस तसाच असलेले एक गोरे आजोबा, आणि समुद्राकाठच्या रेस्टॉरंटमधून अर्ध्या ताटावरून उठवलेली माणसं. मी ह्यांना ओढत एका ताडाच्या जाड बुंध्यामागे नेलं आणि हॅट नाकापर्यंत ओढली. तेवढ्यात पलीकडून एक दीर्घ, जाणकार श्वास ऐकू आला. आणि मराठीत आवाज.

"हिंग! अहो, हिंगच आहे. कोणीतरी फोडणी दिलीय वर."

सहलप्रमुख! फुलाफुलांची चड्डी, हातात अर्धवट खाल्लेलं पापलेट, आणि त्यांच्यामागे त्यांची बायको आणि अख्खी टॅम्पिनीसची पलटण. दुपारचं जेवण करायला सहल काढली होती. मी श्वास रोखला. ह्यांनी कढलं पाठीमागे लपवलं. आम्ही खरंच सुटलो असतो, हो. पण सहलप्रमुखांनी पुन्हा एकदा हवा हुंगली आणि निकाल दिला, "आणि मिरची जाळलीय. कुठल्या बाईनं दिलीय देव जाणे, साधी फोडणी येत नाही!"

"बाईनं नाही," असा बुंध्यामागून आवाज आला. "मी दिली."

आणि माझे पती कढलं घेऊन उजेडात गेले.

हिरवळीवर जी शांतता पसरली, तशी माझ्या कुठल्याही किश्श्याला आजवर मिळालेली नाही. सहलप्रमुखांनी ह्यांना बघितलं, मग झाडामागची हॅट ओळखली. त्यांच्या बायकोच्याच मैत्रिणीची होती ती.

"वहिनी! तुम्ही? आणि ते कॅरिबियन?"

मला एरवी उत्तर सुचत नाही असं होत नाही. विमानाला धुकं, बेटाला वादळ, पासपोर्टला वाळवी, काय वाटेल ते सांगितलं असतं. पण तोंड उघडलं तेवढ्यात मला पुढचं वाक्य ऐकू यायला लागलं. आणि ते आलंच. सहलप्रमुखांचा चेहरा फुलला, त्यांनी पापलेट दुसऱ्या हातात घेतलं आणि ह्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, मग तर झकासच! एकटे काय बसलात इथे? आम्ही संध्याकाळपर्यंत आहोत. गाण्यांच्या भेंड्या आहेत, उद्या परत येतोय. वहिनींच्या नकला होऊन जाऊ देत! या ना!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ठरवलं होतं, आपण काही बोलायचं नाही. मी बोलले असते तर काय, मी नाही म्हणू शकतेच. मला ह्यांच्या तोंडून काय निघतं ते हवं होतं. ह्यांचे ओठ ‘येतो’साठी जुळायला लागले, ते मी स्पष्ट पाहिलं. चार दिवसांतला दीड संपला होता, उरलेले अडीच त्या ओठांवर होते.

हे म्हणाले, "नाही."

"म्हणजे? जेवून येता?"

"नाही, म्हणजे आम्ही इथे नाहीच आहोत. आम्ही कॅरिबियनमध्ये आहोत."

"अहो, पण समोर उभे आहात की!"

"तो दिसण्याचा भाग झाला," हे म्हणाले. घामानं निथळत होते, पण आवाज ऑफिसातल्या मीटिंगचा. "तिथे आत्ता मध्यरात्र आहे. आम्ही झोपलोय. सोमवारी संध्याकाळी उतरतो आम्ही. मग या ना घरी, सगळे या. पण सोमवारी."

‘या ना’ तर म्हटलंच. पण दार लावून म्हटलं! मला त्या हिरवळीवर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सहलप्रमुखांनी पापलेट परत पहिल्या हातात घेतलं. ते बायकोकडे वळले, तर त्या माउलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पदरासारखा टॉवेल सावरला आणि नवऱ्याचा दंड धरला. "चला हो. मध्यरात्री लोकांच्या घरी काय उभे राहता?" आणि त्याला घेऊन पलटणीकडे निघाली. जाता जाता मागे वळून म्हणाली, "झोपा हं वहिनी. आणि फोडणीत पुढच्या वेळी मिरची शेवटी घालायला सांगा."

मग हॉटेलचा माणूस आला. ह्यांनी कढलं पुढे करून गुन्हा कबूल केला. तो बिचारा कढल्यात डोकावला आणि म्हणाला, "सर, कुकिंग इन रूम कॅनॉट, लाह." हे म्हणाले, "सॉरी." तो म्हणाला, "स्मेल नाइस. बट कॅनॉट." शेगडी जप्त झाली. कढलं मिळालं.

वर आलो तेव्हा खोलीत अजून ठसका होता. फोडणी जळून गेली होती, पण दहीभात तसाच होता, गार. आम्ही तो बाल्कनीत नेला आणि एकाच वाडग्यातून चहाच्या चमच्यांनी खाल्ला. मीठ जरा जास्त झालं होतं. मी सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं, "मीठ जास्त झालंय ना?" मी म्हटलं, "हो."

"त्यांना वाईट वाटलं असेल का गं?" हे थोड्या वेळानं म्हणाले.

"थोडंसं. उद्यापर्यंत तेच सगळ्यांना रंगवून सांगत फिरतील."

"आणि तुला?"

"मला काय?"

"तुला बरं वाटलं का?"

मी काहीतरी चटकदार बोलणार होते. वाक्य तयार होतं, हातही उचलला होता. पण बघायला कोणी नव्हतं, आणि ह्यांना खरंच उत्तर हवं होतं. म्हणून मी हात खाली घेतला आणि नुसतं "हो" म्हटलं.

तेवढ्यात समोरच्या जहाजांपैकी एक हलायला लागलं. ह्यांनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग खुर्ची माझ्या खुर्चीला टेकवली आणि बोलायला लागले. लग्नाआधीचं काहीतरी, उटीचं काहीतरी, त्या नावेत समोरच्या फळीवर बसून माझ्याकडे बघताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते. आतोबा शेजारी खोकत होते म्हणून तेव्हा सांगायचं राहिलं होतं, म्हणे. मी माझ्या आयुष्यात इतका वेळ गप्प बसले नसेन. मध्ये एकदाही तोडलं नाही, एकदाही ‘असं नव्हतं ते’ म्हटलं नाही.

काय म्हणाले ते मी मुलीला सांगितलेलं नाही. सोमवारी सहलप्रमुखांसकट सगळी मंडळी घरी आली. फोडणीचा किस्सा मी उभं राहून, कढलं हातात घेऊन, दोनदा करून दाखवला. तिथेही ते सांगितलं नाही. तुम्हीही इतका वेळ बसलात, मला आनंद झाला. पण त्या बाल्कनीत खुर्च्या दोनच होत्या.